ठोकलेली स्प्लेंडर कमी पैशात उभी करून देणारं लातूरचं बिनबोर्डाचं गॅरेज

लातूरला बार्शी रोडनं एमआयडीसीकडं जाताना आतल्या बाजूला एक पत्र्याचं गॅरेज आहे, बोर्ड नाही, मालकाला सगळे मिस्त्री मामाच म्हणतात. ठोकलेली जुनी गाडी कमी पैशात परत रस्त्यावर आणायची असेल तर डोळे झाकून इथं जा. मी माझी गाडी इथंच उभी करून घेतली आणि काय काम केलं, किती पैसे लागले, कुठं त्रास झाला ते सगळं सविस्तर लिहितोय, कारण माझ्यासारखे लई जण आहेत ज्यांना नवीन गाडी परवडत नाही आणि ठोकलेली घ्यायला भीती वाटते.

गाडी म्हणजे २०१४ ची स्प्लेंडर प्लस, कार्बोरेटरवाली. ऊसाच्या ट्रॉलीला मागून धडकलेली, रात्रीचं ट्रॉलीला रिफ्लेक्टर नव्हता. मालकाचा हात मोडला होता, घरच्यांना ती गाडी दारात नको होती, म्हणून ११ हजारात मिळाली. इंजिन एका किकमधे चालू, सेफ्टी गार्डनं मार खाल्ला म्हणून इंजिनला ओरखडाबी नाही. पण पुढचं सगळं मागं सरकलेलं, टायर पार आत गेलेलं, रिमचा आठ झालेला, हेडलाइटचा डोम फुटलेला, टाकीला एका बाजूनं मोठा चेप. आधी एका मोठ्या वर्कशॉपमधे विचारलं तर त्यांनी न उघडताच पुढचं सगळं नवीन टाकावं लागंल म्हणून १६ हजार सांगितले. मला रोज औशाहून लातूरला ये-जा करायची, जाऊन येऊन ४० किलोमीटर, आणि खिशात गाडी सोडून सातआठ हजाराच्या वर काही नव्हतं.

मामानं सगळ्यात आधी काय केलं तर पाना हातात न घेता नुसती चेसी बघितली. हँडलखाली जिथं चेसीचे पाइप नेकला, म्हणजे हँडलचा दांडा ज्या नळीत फिरतो तिला, येऊन मिळतात तिथं फडक्यानं घासून पुसलं आणि बॅटरीचा उजेड मारून रंगाला बारीक तडे गेलेत का बघितलं. रंग तिथं तडकला असेल तर समजायचं की आतलं लोखंड वाकलंय, आणि नेक वाकलेली किंवा चिरलेली असेल तर तो काम हातात घेतच नाही. माझ्यासमोर एका पोराची पल्सर त्यानं परत पाठवली. नेकला चीर होती, पोरगं म्हणत होतं वेल्डिंग मारून द्या, मामा म्हणला, "मालक, ह्याला टाका मारून मी पैसे घेईन बी, पण ६० च्या स्पीडला टाका सुटला तर तुमच्या आईला काय सांगू? पार्ट पार्ट करून विका." आलेलं गिऱ्हाईक असं परत पाठवणारा मिस्त्री मी तरी पहिल्यांदाच बघितला.

माझी नेक चांगली निघाली. मग त्यानं पुढचं चाक खोलून शॉकअपचे दोन्ही पाइप काढले आणि टेबलावरच्या जाड काचेवर गोल फिरवले. पाइप सरळ असेल तर काचेला चिकटून फिरतो, वाकलेला असेल तर फिरताना खालून उजेड दिसायला लागतो. एका पाइपात थोडासाच बाक होता, तो त्यानं ओळखीच्या लेथवाल्याकडं पाठवून प्रेसवर सरळ करून आणला, अडीचशे रुपये. दुसऱ्याला मात्र बाकाच्या जागी घडी पडली होती आणि क्रोम तडकलेलं. तो सरळ करता आला असता पण त्यानं केला नाही, कारण घडी पडलेल्या जागी पाइप कच्चा होतो आणि तडकलेलं क्रोम ऑइल सील फाडतंय, दर महिन्याला शॉकअप गळत बसणार. तो साडेसातशेचा नवीन घेतला. पाइप, सील, ऑइल सगळं धरून शॉकअपचं काम पंधराशेच्या आत निघालं.

इथं एक गोष्ट सांगतो जी मला आधी माहीत नव्हती आणि बऱ्याच मिस्त्र्यांना माहीत असून ते सांगत नाहीत. नुसती गाडी पडली आणि हँडल तिरकं झालं म्हणजे पाइप वाकलाच असं नसतं. लई वेळा पाइप सरळच असतात, फक्त टीमधे, म्हणजे दोन्ही पाइप वरखाली धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांमधे, फिरलेले असतात. एक्सल आणि टीचे बोल्ट ढिले करून चाक पायात धरून हँडल सरळ केलं, शॉकअप दोनचार वेळा दाबलं आणि बोल्ट परत कसले की काम झालं. अशा गाडीला नवीन पाइप टाकायची गरजच नसते.

कोनसेट, म्हणजे नेकमधे हँडल ज्या गोळ्यांवर फिरतं ते बेअरिंग, त्यानं न विचारता बदलला आणि बरं केलं. समोरून धडक बसली की बॉल रेसरमधे गोळ्यांचे खड्डे पडतात आणि हँडल मधोमध आलं की अडकल्यासारखं होतं, हायवेला ते लई धोक्याचं आहे. खालची टी भंगारवाल्याकडून कंपनीची जुनी शोधून आणली, बाजारातली हलकी नवीन टाकू दिली नाही. हँडल मात्र वाकलेलं सरळ करायचं नाही म्हणला, नवीनच घ्यायला लावलं. हबमधे, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, खराबी नव्हती म्हणून तोच ठेवून रिम आणि स्पोक नवीन टाकले. स्पोकच्या गाडीचा हाच फायदा, अलॉय तडकलं तर आख्खं चाक जातंय. रिमचा आउट, म्हणजे फिरताना दिसणारा वाकडेपणा, काढायला त्यानं दुपार घालवली, एकेक स्पोक पाव आटा फिरवून चाक फिरवायचं, परत बघायचं. त्या कामाची मजुरी फक्त दीडशे घेतली, मला तर ती कमीच वाटली.

सगळं बसवल्यावर दोऱ्याची टेस्ट केली. मागच्या टायरला दोरा गुंडाळून दोन्ही बाजूनं ताणून पुढच्या टायरपर्यंत आणायचा. या स्प्लेंडरला मागचं पुढचं टायर सारखंच, २.७५-१८, त्यामुळं गाडी सरळ असेल तर दोरा दोन्ही बाजूनं दोन्ही टायरांना टेकला पाहिजे. टेकला. मग रिंग रोडला ६० पर्यंत पळवून बघितली, कुठंच ओढायली नव्हती.

टाकीचा चेप तसाच आहे. मी रंगाचं विचारलं तर म्हणला, "पैसे रंगात घालू नका, ब्रेकात घाला," आणि पुढचे ब्रेक शू, ब्रेक केबल आणि एक्सलेटर केबल नवीन टाकली. हेडलाइट जुनाच पण चांगल्या काचेचा भंगारातून आणला. पार्ट साडेपाच हजाराच्या आसपास, मजुरी अठराशे. म्हणजे गाडी धरून साधारण सव्वाअठरा हजारात रोजच्या वापराची गाडी तयार.

आता जे आवडलं नाही ते. तारीख कधीच सांगत नाही, "होतंय, होतंय" एवढंच, फोन तर उचलतच नाही. पक्कं बिल देत नाही, वहीच्या कागदावर लिहून देतो, त्यामुळं पार्ट आणताना मी सोबत जाऊन दुकानाच्या पावत्या घेतल्या, तुम्हीपण तसंच करा. गाडी बाहेर उभी असते, पावसात माझं सीट पार भिजलं होतं. आणि बीएस-सिक्स फ्युएल इंजेक्शनच्या गाडीचं सेन्सरचं काम त्याच्याकडं होत नाही, तो स्वतःच सांगतो.

ठोकलेली गाडी घेताना कागदाचं पण बघून घ्या. स्प्लेंडरचा चेसी नंबर नेकच्या उजव्या बाजूला असतो, म्हणजे धडक बसती त्याच जागेला, तिथं ग्राइंडर फिरलेला दिसला की गाडी सोडून द्या. आरसीवर फायनान्सचा बोजा असेल तर बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आणि फायनान्सवाल्याची एनओसी आल्याशिवाय पैसे देऊ नका. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊनच गाडी हलवा. पेट्रोल गाडीची नोंदणी १५ वर्षांची असती, म्हणून २००९-१० ची स्वस्त मिळायली म्हणून घेऊ नका, परत पासिंगचा खर्च मागं लागतो. आणि थर्ड पार्टी इन्शुरन्स पहिल्याच दिवशी काढा, ७५ ते १५० सीसीचा मूळ हप्ता २०२२ ला ७१४ रुपये ठरवलेला आहे, त्यावर जीएसटी वेगळा, हजार रुपयासाठी बिनाइन्शुरन्स फिरणं परवडणारं नाही.

जायचं असेल तर सकाळी लवकर जा, गाडी छोट्या हत्तीत टाकून न्या, वाकलेल्या चाकावर ढकलत नेऊ नका. अमावस्येला बंद असतंय. पेरणीच्या आधी शेतकऱ्यांच्या गाड्यांची लाइन असते, त्या टायमाला नंबर लागणं अवघड. माझी गाडी रोज औसा-लातूर पळायलीय, आता चेन सॉकेटचा आवाज यायलाय, पगार झाला की तेबी मामाकडंच टाकणार.