दवाखान्यात भागीदारी की पगारी नोकरी?

पशुवैद्याला नोकरीत महिन्याची रक्कम ठरलेली असते. एक्स-रे मशीन बंद पडलं तर डोकेदुखी मालकाची. मात्र नवीन मशीन घ्यायचं का, एका जनावराला 15 मिनिटं द्यायची की 20, हेही तोच ठरवणार. ज्यांना फक्त रुग्ण तपासायचे आहेत त्यांना एवढं पुरतं, आणि त्यात कमीपणा काही नाही.

भागीदारीत नफ्यातला वाटा मिळतो, पण भाडं, पगार, औषधांची बिलं भागल्यावर. वाटा विकत घ्यायला काढलेल्या कर्जाचा हप्ताही त्यातूनच जातो. वाट्याच्या किमतीतला मोठा भाग बऱ्याचदा गुडविलचा, म्हणजे दवाखान्याच्या नावाचा आणि जोडलेल्या गिऱ्हाइकांचा, असतो आणि खरी मेख तिथेच आहे. कुत्र्याला घेऊन आलेला माणूस दारातूनच ‘मोठे डॉक्टर आहेत ना?’ विचारत असेल, तर ते निवृत्त झाल्यावर गुडविल उरणार किती? म्हणून किमान 3 वर्षांचे हिशेब मागा आणि मालक स्वतः करतो त्या कामाचा बाजारभावाने पगार नफ्यातून वजा करा. कधीकधी नफा तिथेच आटतो. भाडेकरार किती उरलाय, बँक वैयक्तिक हमी मागते का, हेही बघा. वाटा निम्म्याहून कमी असेल आणि बाहेर पडताना तो कोण, कोणत्या हिशेबाने विकत घेणार हे करारात नसेल, तर मी तरी सही करणार नाही.