लॉक व्हॉल्व्ह म्हणून बसवलेला पोकळ ठोकळा

कोल्हापूर भागातल्या गुऱ्हाळांचं जळण आणि चिपाड भरायचं माझं काम. माणसं मिळेनात. ट्रॅक्टरला पुढं लोडर होताच, त्यालाच ग्रॅब, म्हणजे ओंडके पकडणारा तेलाच्या दाबावरचा जबडा, करून घ्यायचं ठरवलं. दोन सिलिंडर, टू-वायर होज (तारेच्या दोन जाळ्यांची तेलाची नळी), कपलिंग (होज जोडायचा-काढायचा सांधा), लॉक व्हॉल्व्ह आणि फिटिंग धरून सौदा सव्वा लाखाच्या घरात गेला. यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू बसवली गेली. दिसायलाही ती बरोबर होती. गडबड सगळी आतल्या बाजूला होती.

लॉक व्हॉल्व्हसाठी मी आधीपासून अडून होतो. होज निसटला किंवा फुटला तरी सिलिंडरमधलं तेल परत जाऊ द्यायचं नाही आणि पकडलेला ओंडका सोडायचा नाही, एवढंच त्याचं काम. तो सिलिंडरलाच जोडलेला असावा लागतो. विक्रेत्यानं तो दाखवला: चौकोनी ठोकळा, चार पोर्ट (तेलाच्या ये-जा करायची तोंडं), बाजूला ॲलनचे प्लग, वर निळा रंग. मग डेमो. ग्रॅबनं बाभळीचा ओंडका धरला, ट्रॅक्टर बंद केला, कपलिंग उपसून होज हातात घेतला. जबडा जागचा हलला नाही. "बघा मालक, लॉक! आता बिनघोर न्या."

यात हातचलाखी आहे. कपलिंग उपसलं की त्याच्या आतला पॉपेट, म्हणजे छोटी झडप, स्प्रिंगनं बंद होतो आणि तेल तिथंच अडतं. लॉक व्हॉल्व्ह नसला तरी जबडा धरून राहणारच. खरी परीक्षा वेगळी. ओंडका जमिनीला टेकलेला ठेवायचा, जबडा आवळायचा, इंजिन बंद करायचं, कपलिंग जोडलेलीच ठेवायची आणि लिव्हर उघडण्याच्या दिशेला ढकलायची. लॉक असेल तर पंपाच्या दाबाशिवाय तो उघडत नाही, पकड तशीच राहते. नसेल तर जबडा ढिला पडतो. डेमोत हे कुणीच करून दाखवत नाही.

हंगाम ऐन भरात असताना ओंडका ट्रॉलीवर धरलेला होता आणि जबडा बंद करणारा होज फेरूलमधून, म्हणजे टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या टोपणातून, सटकन निसटला. ग्रॅब उघडला, ओंडका फाळक्यावर आदळून आत गेला. ट्रॉलीत रचणारा पोरगा पाणी प्यायला उतरला होता म्हणून वाचला.

दुसऱ्या मिस्त्रीकडं सगळं उतरवलं. त्यानं ठोकळा व्हाइसमध्ये धरून बाजूचे प्लग काढले. आत पॉपेट नाही, स्प्रिंग नाही, झडप उघडणारा पायलट पिस्टन नाही. त्यानं कोपऱ्यात पडलेली सायकलची तार एका पोर्टात घातली, ती समोरच्या पोर्टातून सरळ बाहेर आली. म्हणजे आरपार भोकं पाडून रंगवलेला लोखंडाचा तुकडा. त्याचे वेगळे पैसे लावले होते, हे विशेष.

मग होज. नवीन होजवर काळी स्पायरल स्लीव्ह चढवून दिली होती, घासू नये म्हणून. स्लीव्ह कापली तेव्हा खालची छपाई दिसली: 1एसएन, म्हणजे सिंगल वायर. अर्ध्या इंचात 1एसएनचा कामाचा दाब 160 बार, 2एसएनचा, म्हणजे टू-वायरचा, 275. वर फेरूल टू-वायरचा दाबलेला, म्हणून पकड ढिली राहिली आणि होज निसटला. स्लीव्ह असायला हरकत नाही, पण ती तुमच्यासमोर, छपाई वाचून झाल्यावर चढवायला सांगा.

सिलिंडरच्या पोर्टची गंमत तर आणखी बारीक. पोर्ट बीएसपी (ब्रिटिश पद्धतीचे आटे), निपल एनपीटी (अमेरिकन पद्धतीचे). अर्ध्या इंचात दोन्हीला इंचाला 14 आटे, त्यामुळं सुरुवातीचे फेरे बिनबोभाट बसतात. पण एकाच्या आट्याचा कोन 55 अंश, दुसऱ्याचा 60, शिवाय एनपीटी निमुळतं. पुढं घट्ट लागतं, माणसाला वाटतं बसलं. गळू नये म्हणून टेफ्लॉन टेप ठासलेली. बीएसपीच्या सरळ पोर्टला टेप लागतच नाही, डौटी वॉशर (आतून रबराची कड असलेला धातूचा वॉशर) लागतो. टेपचे तुकडे आत सुटले की व्हॉल्व्हमधला सरकता दांडा, म्हणजे स्पूल, अडकतो. तेव्हा पोर्टाशी पांढरी टेप दिसली की तिथंच थांबवा. आणि गळती हात लावून शोधू नका, पुठ्ठा धरा; दाबाचं तेल सुईसारखं कातडीत घुसतं आणि थेट ऑपरेशनची वेळ येते.

सगळ्यात महागात पडलं ते वेगळंच. डेमोत ग्रॅबनं ओंडका करकचून दाबला होता, ती ताकद ग्रॅबची नव्हती. फिटिंग करताना त्यांच्या माणसानं माझ्या ट्रॅक्टरच्या, जादा दाब सोडून देणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वॉशर सारले होते. मॅन्युअलमध्ये 180 बार, गेज लावला तर काटा 230 वर. तेल तापायचं, पंप कण्हायचा, मला वाटायचं उन्हाळा आहे. सर्व्हिसवाल्यांनी छेडलेलं सील पाहिलं आणि पंपाची वॉरंटी नाकारली. विक्रेत्याला विचारलं तर म्हणाला, "तुमच्या ट्रॅक्टरचंच प्रेशर जास्त आहे, त्यानं होज गेला." नवा होज फुकट देतो म्हणाला. मी घेतला नाही. फिटिंगच्या आधी आणि नंतर स्वतःचा गेज लावून आकडा बिलावर लिहून घ्या, मग हे बोलायला कुणाला जागा उरत नाही.

बिल पक्कं आहे, पण त्यावर "ग्रॅब असेंब्ली, 1 नग" एवढंच. होजचा प्रकार, कपलिंगचा प्रकार, लॉक व्हॉल्व्ह, काहीच लिहिलेलं नाही. सुदैवानं दर ठरवतानाचे व्हॉट्सॲप मेसेज आहेत, त्यात त्यानंच "2 वायर, लॉक व्हॉल्व्हसह" लिहिलंय. ठोकळा, कापलेली स्लीव्ह, होजचा तुकडा असं सगळं मिस्त्रीच्या सही-तारखेच्या कागदासह पिशवीत बांधून ठेवलंय.

पुढचा रस्ता जिल्हा ग्राहक आयोगाचा. धंद्यासाठी घेतलेली वस्तू म्हणून तक्रार फेटाळा, असं समोरचा वकील म्हणणारच. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेल्या वस्तूला 2019 च्या कायद्यात सूट आहे. म्हणून लोडर मीच चालवतो, हे तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात घातलंय. वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत 2 वर्षांची. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून तक्रार क्रमांक घेतला. त्यानंतर विक्रेत्याचा सूर जरा उतरला. आता तो लॉक व्हॉल्व्ह "चुकून सॅम्पलचा गेला" म्हणतोय.