हळव्या घोडीसाठी दोरीचा हॉल्टर आणि १२ फुटी दोर

तुमचं जनावर शांत आणि सोशिक असेल तर हा हॉल्टर, म्हणजे घोड्याला धरून न्यायला तोंडावर घालायची म्होरकी, घेण्याची घाई करू नका. रुंद पट्ट्याच्या हॉल्टरवरही त्याचं छान चालतं. मी लिहिते आहे ते ज्यांच्या तबेल्यात माझ्या रेवासारखी घोडी आहे त्यांच्यासाठी. अंगावर माशी बसली तरी तिची कातडी थरथरते. चालता चालता माझ्या पावलांचा वेग जरा बदलला की तिचा एक कान माझ्याकडे वळतो. आणि कानांमागे कसलाही ताण आला की डोकं वर फेकून ती सगळं अंग मागे टाकते. अशा घोडीला जमिनीवरून, म्हणजे पाठीवर न बसता, शिकवायला मी जे जे सामान वापरलं, त्यात हा जोड सगळ्यात उपयोगी ठरला. पाचपैकी चार तारे. पाचवा का राखून ठेवला तेही सांगते, कारण ते कारण किरकोळ नाही.

आधी वस्तूबद्दल. हॉल्टर ६ मिलिमीटर जाडीच्या, घट्ट विणीच्या पॉलिस्टर दोरीचा आहे. बक्कल नाही, कडी नाही, धातूचा तुकडाच नाही. नाकावरच्या भागाला दोन गाठी आणि हनुवटीखाली दोर अडकवायला दुहेरी फास. सोबतचा दोर १२ फूट लांब, हॉल्टरच्या दोरीपेक्षा बराच जाड आणि हाताला वजनदार लागणारा. त्याच्या एका टोकाला पितळी हुक आहे, दुसऱ्या टोकाला चामड्याची पट्टी. नवा असताना हॉल्टर कडक वाटतो, पण वापरून आणि एकदोनदा साध्या पाण्यात धुऊन मऊ पडतो.

रुंद पट्ट्याच्या हॉल्टरवर रेवाची अडचण अशी होती की तिला माझं म्हणणं नीट पोचतच नव्हतं. पट्टा रुंद असला की ताण सगळ्या नाकावर पसरतो. हळू धरलं तर तिला काही कळायचं नाही, जोर लावला तर ती उलट्या दिशेला वजन टाकायची. साडेचारशे किलोच्या जनावराशी ओढाओढ करून माणूस कधी जिंकत नाही. त्या ओढाओढीतून ती इतकंच शिकत होती की दोर ताणला गेला की भांडायचं.

दोरीच्या हॉल्टरची खरी कमाल तो किती जोरात बोलतो यात नाही, तो किती पटकन गप्प होतो यात आहे. हात उघडला की दोराच्या वजनाने फास खाली येतो आणि नाकावरचा स्पर्श त्याच क्षणी नाहीसा होतो. घोडा ताणातून शिकत नाही. ताण कधी सुटला त्यावरून शिकतो. तो सुटायच्या आधीच्या क्षणी त्याने जे केलं, ते त्याच्या लेखी बरोबर उत्तर. हे सुटणं उशिरा झालं तर त्याला भलतंच उत्तर पाठ होतं. रुंद पट्ट्याचा हॉल्टर हात सोडल्यावरही नाकाला चिकटून राहतो, आणि हळव्या घोडीला तेवढा उशीरही गोंधळात टाकतो.

आमचा पहिला धडा डोकं खाली घेण्याचा होता. फासाजवळ दोर धरायचा, एका बोटाच्या वजनाइतका ताण खालच्या दिशेला द्यायचा आणि थांबायचं. ताण वाढवायचा नाही, सोडायचाही नाही. रेवा आधी डोकं वर नेई, मग बाजूला नेई, मग ताठ उभी राही. हात तिच्याबरोबर जायचा, पण तेवढाच ताण ठेवून. मग कधीतरी नाक केसभर खाली येई आणि त्याच क्षणी मूठ उघडायची. या कामात सगळ्यात अवघड असतं ते काही न करणं. आमच्या तबेल्यात घोड्यांची उस्तवार करणारे मामा एकदा जवळ उभे होते. मी दोर जरासा हलवणार एवढ्यात म्हणाले, "ताई, ती विचार करतेय. आत्ता हात हलवू नका." तिचा खालचा ओठ सैल पडला होता, पापणी अर्धी मिटली होती. मी थांबले आणि तिने डोकं पार गुडघ्यापर्यंत खाली आणलं. त्यानंतर तिने जबडा हलवला, ओठ चाटले, मोठा श्वास सोडला. ताण उतरताना घोडे असं करतात. तेवढ्यावर त्या दिवसाचं काम संपवलं.

आता जपायची बाजू. दोरी बारीक, म्हणजे तेवढ्याच ओढीचा दाब कितीतरी कमी जागेवर येतो. हिसका दिला तर नाकाच्या हाडावर आणि कानांमागे चांगलंच दुखतं. हाच हॉल्टर नाकावर चार गाठींचाही मिळतो. हळव्या घोडीसाठी तो मुळीच घेऊ नका. दोन गाठी भरपूर झाल्या. आणि रागावलेल्या किंवा घाबरलेल्या हाताला तर हा दोर देऊच नये, कारण तो हातातलं काहीच लपवत नाही. स्वीडनमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला यासाठी फार मोलाचा वाटतो. माणसांना घोडा घेऊन एकाच वाटेवरून जायला सांगितलं होतं. शेवटच्या फेरीआधी त्यांना सांगितलं की या वेळी घोडा जवळून जाताना छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरी माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि ज्यांना छत्रीबद्दल काहीच ठाऊक नव्हतं त्या घोड्यांचेही वाढले. खूर आपटून गणिताची उत्तरं देणाऱ्या बर्लिनच्या 'गणिती' हान्स घोड्याबद्दल अनेकांनी ऐकलं असेल. १९०७ मध्ये मानसशास्त्राचा अभ्यासक ऑस्कर फुंग्स्टने दाखवून दिलं की तो बेरीज करत नव्हता. बरोबर आकडा आला की समोरच्या माणसाचं डोकं किंचित हलायचं, ते पाहून तो खूर आपटायचा थांबायचा. लोक याला हान्सची फजिती म्हणतात. मला त्यात घोड्याची थक्क करणारी नजर दिसते. जो प्राणी आपल्या भुवईची हालचाल वाचतो, त्याच्या नाकावरच्या दोरीतून आपण काय काय पाठवत असू!

माघार आम्हाला बरेचदा घ्यावी लागली, आणि या सामानाची खरी पारख त्याच वेळी झाली.

एकदा हॉल्टर घातलेला असताना रेवाला इंजेक्शन द्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी हॉल्टर हातात दिसला की ती ठाणाच्या मागच्या भिंतीला जाऊन उभी. तिच्या दृष्टीने हिशोब सरळ होता: हे नाकावर आलं की मानेत सुई टोचते. तेव्हा मी घालण्याचा नादच सोडला. हॉल्टर हातात घेऊन आत जायचं, तिने माझ्याकडे नाक वळवलं की हॉल्टर घेऊन बाहेर यायचं. मग जवळ उभं राहणं, मग खांद्याला दोरीचा स्पर्श, मग मानेवरून टाकणं. मग नाकावरचा फेरा पुढे धरायचा, तिने स्वतः त्यात नाक घातलं की लगेच काढून घ्यायचा. इथे या हॉल्टरची रचना कामी आली. त्याचा कानांमागचा भाग डाव्या बाजूला मोकळा असतो आणि तिथेच बांधायचा असतो, त्यामुळे कान दाबून आत कोंबावे लागत नाहीत. खुळखुळणारं बक्कलही नाही. तिच्यासारख्या घोडीला त्या एका आवाजानेही पुन्हा भिंत गाठायला लावलं असतं.

दुसरी गोष्ट निळ्या पिंपाची. मैदानाच्या कडेला एक प्लास्टिकचं पिंप होतं. त्याच्या बाजूने चालायला रेवा हळूहळू शिकली, शेवटी शेपूटही न हलवता जाऊ लागली. मग एके दिवशी उलट दिशेने आणलं आणि तिने असा बुजून उडीचा झटका घेतला, जणू ते पिंप तिने जन्मात पाहिलं नव्हतं. अनेकांना हा हट्टीपणा वाटतो. तसा तो नसतो. अमेरिकेत २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घोड्यांना लहान मुलांच्या खेळायच्या मोठ्या प्लास्टिकच्या संचाची सवय केली होती. नंतर तीच वस्तू फक्त ९० अंशांत फिरवून ठेवली, तर सवय झालेले घोडेही ती नवीच असल्यासारखे वागले. हे ठाऊक असलं की आपला हात तापत नाही. त्या उडीच्या वेळी १२ फुटी दोराने आम्हाला वाचवलं. आखूड दोर असता तर तो तिथेच ताणून तुटक झटका बसला असता आणि ती मागच्या पायांवर उभी राहिली असती. इथे मी दोर हातातून सरकू दिला, ती लांब गेली, वळली, दोन्ही कान टवकारून पिंपाकडे पाहत उभी राहिली. दोर सैलच होता. घोड्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, पण थेट नाकासमोरचं आणि थेट मागचं दिसत नाही. म्हणून बुजल्यावर त्याला डोकं हलवायला, वळून पाहायला मोकळीक लागते. ती मोकळीक देऊनही हातात पकड राहते, ती या लांबीमुळे. त्यानंतर आम्ही प्रत्येक नवी वस्तू दोन्ही बाजूंनी, दोन्ही दिशांनी दाखवू लागलो.

आणि पावसाने काम लांबलं तेव्हाची माघार. खंडानंतर पहिल्याच दिवशी जुनं सगळं परत: डोकं वर, अंग मागे. जुनी भीती पुसली जात नाही, तिच्यावर नवी सवय बसते. मध्ये खंड पडला की खालची भीती वर येते. आम्ही सरळ पहिल्या धड्याकडे गेलो, फासाजवळ हात, बोटाएवढा ताण. जे पहिल्यांदा फार वेळ घेऊन आलं होतं, ते या वेळी झपाट्याने आलं. मला माघारीचा राग येईनासा झाला तो तेव्हापासून. ती कुठपर्यंत मागे जाते, त्यावरून पाया कुठे पातळ राहिला आहे ते कळतं.

आता राखून ठेवलेला तारा. सोबतच्या कागदावर हॉल्टर कसा घालायचा याची चित्रं आहेत, पण सगळ्यात महत्त्वाची सूचनाच नाही: या हॉल्टरवर घोडा कधीही बांधून ठेवू नये आणि तो घालून चरायला सोडू नये. ही दोरी तुटत नाही. घाबरलेला घोडा बांधलेल्या जागी मागे ओढत राहिला तर मानेला गंभीर इजा होऊ शकते, आणि चरताना मागचा खूर दोरीत अडकला तर त्याहून वाईट. बांधण्यासाठी चामड्याचा किंवा ताण आल्यावर सुटणारा हॉल्टर वेगळा ठेवा. बनवणाऱ्यांनी ही ओळ ठळक अक्षरांत छापायला हवी होती.

मापाचीही अडचण आहे. 'मध्यम' आणि 'मोठा' एवढंच लिहिलंय, आणि रेवाचं तोंड लांब पण निमुळतं. मध्यम मापाचा नाकावरचा फेरा फार खाली येत होता, म्हणून गाठी सोडून पुन्हा बांधल्या. गालाच्या हाडाचा उंचवटा संपतो तिथून साधारण दोन बोटं खाली फेरा बसायला हवा. त्याहून खाली नाकाचं हाड पातळ होत जातं, आणि घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, त्याला नाकपुड्याच आहेत. बांधताना गाठ फासाच्या खालून फिरवून घ्या, फासाच्या वर घेतली तर ताण आल्यावर ती आवळते आणि सुटता सुटत नाही. उरलेलं टोक डोळ्यापासून लांब, मागच्या दिशेला ठेवा.

पितळी हुक मजबूत आहे, पण चालताना हनुवटीवर आपटतो. तो काढून मी दोर थेट फासात गाठ मारून अडकवला, आणि रेवाचं डोकं झटकणं बरंच कमी झालं. विणीत वाळू अडकते, ती झटकून टाका, नाहीतर नाकावरचे केस जातात.

१४ फुटी दोरही मिळतो. ज्यांचे हात लहान आहेत त्यांनी १२ फुटीच घ्यावा, जास्तीचा दोर सांभाळता सांभाळता हात अडकतो. आणि लांबी कितीही असो, दोराचे वेढे हाताभोवती कधीच घेऊ नका. घड्या करून तळहातावर ठेवा, म्हणजे घोडा उधळला तरी त्या एकेक करून सुटत जातील.