इंदुरात टायर बदलताना: स्वस्त आयात टायर घ्यावेत की देशी कंपनीचे साधे?

गाडीला १८५/६५ आर१५ मापाचे चार टायर हवेत म्हटलं, की दुकानदार साधारण तीन पर्याय सांगतो. कधी न ऐकलेल्या नावाचा आयात टायर, देशी कंपनीचा सगळ्यात साधा टायर आणि त्याच कंपनीचा वरच्या किमतीचा. गोंधळ होतो तो पहिल्या दोघांत. एका टायरमागे हजार-दीड हजार वाचत असले, तर चारांचे मिळून चार-सहा हजार होतात आणि मन तिकडे वळतं.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. ज्या घरची गाडी पावसाळ्यातही हायवेला लागते, त्या घराने देशी कंपनीचा साधा टायर घ्यावा. आयात टायर कुठे चालतो तेही पुढे येईलच.

त्याआधी एक गैरसमज दूर व्हायला हवा. नाव परदेशी म्हणजे टायर आयात, असं नाही. ब्रिजस्टोन ही जपानी कंपनी, पण तिचा कारखाना आपल्या पीथमपूरजवळ खेडा या गावी १९९८ पासून चालू आहे. जेके टायरचा कारखाना ग्वाल्हेरजवळ बानमोरला, अपोलोचा बडोद्याजवळ लिमड्याला आणि सिएटचा हलोलला. म्हणजे माळव्यात बसून देशी टायर घेणाऱ्याला माल जवळचा मिळतो, तारीख ताजी मिळण्याची शक्यता जास्त आणि तक्रार आली तर कंपनीचा माणूस येऊ शकतो. टायर कुठला आहे हे त्याच्या बाजूवर ‘मेड इन’ नंतर लिहिलेलं असतं. दुकानदाराच्या शब्दापेक्षा ते वाचा.

दुसरी गोष्ट, १२ जून २०२० ला केंद्र सरकारने कार, बस, ट्रक आणि दुचाकीच्या नव्या टायरांची आयात ‘प्रतिबंधित’ यादीत टाकली. आणायचे तर परवाना लागतो. त्यामुळे आज जो स्वस्त आयात टायर समोर येतो, तो रीतसर परवान्यावर आलेला असू शकतो, कित्येक वर्षं गोदामात पडलेला असू शकतो, किंवा ज्याचं पक्कं बिल मिळणारच नाही असाही असू शकतो. पहिला प्रकार विचार करण्याजोगा. बाकीचे दोन कितीही स्वस्त मिळाले तरी नकोत.

ओल्या रस्त्यावरचा ब्रेक

खरा फरक इथे आहे, आणि तो दुकानात दिसत नाही. कोरड्या डांबरावर नवा टायर कोणताही असो, ब्रेक बरा लागतो. गाडी घेऊन रिंग रोडवर एक फेरी मारली तर दोन्ही टायर सारखेच वाटतील.

रस्त्याला टेकणाऱ्या रबरात काळेपणा आणि ताकद येते ती कार्बन ब्लॅक या काजळीसारख्या भुकटीमुळे. चांगल्या टायरांत त्यातला बराच भाग काढून सिलिका (वाळूतल्याच द्रव्याची बारीक पूड) घालतात. सिलिका रबरात नीट मिसळायला वेगळं रसायन लागतं, मिश्रण करताना तापमान सांभाळावं लागतं, खर्च वाढतो. पण असं रबर ओल्या रस्त्याच्या बारीक खडबडीत भागाला जास्त चिकटून राहतं आणि टायर फिरवायला ताकदही कमी लागते. किंमत खाली आणायची असली की हा खर्च सहज कापता येतो. मग रबर कडक ठेवतात. कडक रबर झिजतं हळू, म्हणून ‘हा टायर खूप चालतो’ हे दुकानदाराचं म्हणणं खोटं नसतंच. तो चालतो खूप आणि पावसात थांबतो उशिरा.

याचा हिशोब करून बघा. ताशी ८० ने जाणाऱ्या दोन गाड्या एकाच जागी जोरात ब्रेक मारतात. एकीच्या टायरची ओल्या रस्त्यावरची पकड (घर्षणाचा आकडा) ०.८ धरली आणि दुसरीची ०.६, तर पहिली साधारण ३१ ते ३२ मीटरमध्ये थांबते, दुसरीला ४२ मीटर लागतात. नुसते १० मीटर म्हटल्यावर फार वाटत नाही. पण पहिली गाडी जिथे उभी राहिली, त्या ठिकाणी दुसरी अजून ताशी ४० ने पुढे चाललेली असते. पुढे ट्रॉली उभी असेल तर धडक त्या वेगाने बसते.

इंदूरकरांचे नेहमीचे रस्ते आठवा. ओंकारेश्वरला जाताना भेरूघाट, पुण्या-नाशिककडे जाताना मानपूरचा घाट आणि पुढे सेंधव्याचा बिजासन घाट. जूनच्या पहिल्या सरीत रस्त्यावरची धूळ, सांडलेलं डिझेल आणि शेतातून ट्रॉलीच्या चाकांबरोबर आलेली काळी माती यांचा चिकट थर होतो. उतारावर, वळणात, याच थरावर टायरची परीक्षा होते.

हा गुण कागदावर तपासता येतो. आपल्याकडे एआयएस-१४२ हे मानक आता लागू आहे: नव्या मॉडेलना १ ऑक्टोबर २०२२ पासून आणि आधीच्या मॉडेलना १ एप्रिल २०२३ पासून ओल्या रस्त्यावरच्या पकडीची किमान आणि टायर फिरताना होणाऱ्या विरोधाची (रोलिंग रेझिस्टन्स) कमाल मर्यादा पाळावी लागते. म्हणजे २०२१ चा टायर आणि २०२४ चा टायर यांत फक्त वयाचा फरक नाही. आयात टायरवर युरोपचं लेबल असेल तर त्यात ओल्या पकडीची ए ते ई अशी श्रेणी असते. ए किंवा बी असेल तर आयात टायरबद्दलचा आमचा बराचसा आक्षेप गळून पडतो. डी किंवा ई असेल तर तिथेच थांबा. काही टायरांवर अमेरिकी पद्धतीने ‘ट्रेडवेअर ५००, ट्रॅक्शन बी’ असं कोरलेलं असतं. यातलं ट्रॅक्शनचं अक्षर ओल्या ब्रेकचं आहे. एए सगळ्यात वरचं, मग ए, बी, सी. ट्रेडवेअरचा आकडा ज्याचा त्याने ठरवलेला असतो, त्यामुळे एका कंपनीचा ५०० दुसरीच्या ४०० पेक्षा जास्त चालेलच असं धरू नका.

पैशाचा हिशोब

समजा देशी टायर ५,२०० ला पडला आणि ४५,००० किलोमीटर चालला, आयात टायर ३,४०० ला पडला आणि २५,००० चालला. बसवणं, बॅलन्सिंग, नवा व्हॉल्व्ह यांचे प्रत्येकी ३०० धरा. देशी टायर किलोमीटरला १२ पैशांच्या थोडा वर पडतो, आयात जवळजवळ १५ पैसे. महिन्याला दीड हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीला स्वस्त टायर असा महाग पडतो, शिवाय दुकानात दुसरी फेरी होते.

पण गाडी वर्षाला ६,००० किलोमीटरच चालत असेल तर गणित उलटतं. पाच वर्षांत ३०,००० होतात, तोवर रबर वयाने कडक होऊ लागतं आणि देशी टायरची उरलेली नक्षी वाया जाते. तेव्हा देशी १८ पैशांवर जातो आणि आयात १५ वरच राहतो. त्यामुळे ‘स्वस्त ते शेवटी महागच’ हे सगळ्यांना सारखं लागू नाही. आपली गाडी वर्षाला किती चालते ते सर्व्हिसच्या जुन्या बिलांवरून काढा, मग ठरवा.

बिल मात्र पक्कंच हवं. सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. ‘बिनबिलाचा देतो, कर वाचेल’ असं कोणी म्हणालं तर वॉरंटीही तिथेच संपली.

टायरची बाजू वाचायची कशी

टायर जमिनीवर आडवा ठेवायला सांगा आणि मोबाइलचा दिवा लावून एक फेरी पुरी करा. सगळ्यात आधी ‘डीओटी’ (DOT) या अक्षरांच्या पुढे लंबगोलात चार आकडे शोधा. १४२३ म्हणजे २०२३ चा चौदावा आठवडा, एप्रिलची सुरुवात. हे आकडे बऱ्याचदा एकाच बाजूवर असतात, म्हणून दोन्ही बाजू बघा. सहा महिन्यांच्या आतला उत्तम, एक वर्षापर्यंत चालेल, त्यापुढचा परत करा. चारही टायरांची तारीख वेगवेगळी वाचा. गठ्ठ्यात एखादा जुना सरकवलेला असतो.

मग आयएसआयची खूण. कारच्या टायरसाठी आयएस १५६३३ हे मानक आहे आणि ही खूण आयात टायरलाही सक्तीची आहे. खुणेबरोबर सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो बीआयएस केअर अॅपमध्ये टाकला की कंपनीचं नाव येतं. नाव जुळलं नाही तर टायर उतरवून ठेवा.

मापानंतरचा आकडा आणि अक्षर बघा. ८८एच म्हणजे एका टायरवर ५६० किलो आणि ताशी २१० पर्यंत; ९५ म्हणजे ६९० किलो, १०० म्हणजे ८०० किलो. माप तेच पण हा आकडा गाडीच्या दारावरच्या पट्टीपेक्षा कमी, असा टायर घेऊ नका. सात माणसं आणि टपावर सामान घेऊन जाणाऱ्या गाडीत हीच चूक उन्हाळ्यात टायर फोडते.

शेवटी बारीक अक्षरांत थर लिहिलेले असतात: ‘पॉलिएस्टर १ + स्टील २ + नायलॉन १’. यातला नायलॉन म्हणजे स्टीलच्या पट्ट्यांवर घातलेला पट्टा. वेग आणि उष्णता वाढली की स्टीलच्या पट्ट्या कडेने उचलू पाहतात, हा त्यांना आवळून धरतो. माळव्याच्या मे महिन्यात, भर दुपारी, गाडी भरलेली असताना त्याचं महत्त्व कळतं. नायलॉन लिहिलेलाच नसेल तर तो टायर हायवेसाठी नको.

फुगा आला, तर पुढे काय?

खड्ड्यात आपटून बाजूचा धागा तुटला की टायरला फुगा येतो. त्यावर इलाज नाही, टायर बदलावाच लागतो. अशा वेळी देशी कंपनीचा तोच मॉडेल सहा महिन्यांनीही मिळतो. आयात टायरची ती खेप संपलेली असते. मग एका बाजूला नवा, दुसऱ्या बाजूला वेगळ्या नक्षीचा जुना, असं करता येत नाही. एकाच अॅक्सलवर दोन्ही टायर सारखे लागतात, म्हणजे दोन घ्यावे लागतात आणि वाचवलेले पैसे तिथे जातात. कंपनीची वॉरंटी बनावटीतल्या दोषाला असते आणि उरलेल्या नक्षीच्या प्रमाणात पैसे मिळतात. खड्ड्याचा मार सहसा त्यात येत नाही, पण काही देशी कंपन्या ठराविक मॉडेलवर तोही धरतात. घेताना विचारून बिलावर लिहून घ्या.

आयात टायर कोणी घ्यावा? गाडी फक्त शहरात चालते, राजवाडा ते विजयनगर, वेग ५० च्या आत, वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटर. किंवा वर्षभरात गाडी विकायची आहे आणि टायर गोटा झालेत. अशांनी ताज्या तारखेचा, आयएसआयचा, बिलाचा आयात टायर बिनधास्त घ्यावा. खाचा पुन्हा पाडून, काळा रंग मारून विकलेल्या जुन्या टायरापेक्षा तो शंभर पटींनी बरा. तो जुना टायर कुणीच घेऊ नये.

बसवताना

टायरवर पिवळा ठिपका असेल तर तो सगळ्यात हलका भाग. तो व्हॉल्व्हसमोर आणायला सांगा, बॅलन्सिंगची वजनं कमी लागतात. एका चाकाला ६० ग्रॅमपेक्षा जास्त वजन लागत असेल तर टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवायला लावा. तरी कमी झालं नाही, तर आधी रिम वाकली आहे का ते मशीनवर फिरवून बघा. रिम सरळ असेल तर दोष टायरचा आहे, तो तिथल्या तिथे बदलून घ्या. स्वस्त टायरांत हे जास्त वेळा होतं. दोनच टायर नवे घेतले तर ते मागे बसवा, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. ओल्या वळणावर मागची बाजू सुटली तर सावरता येत नाही.

पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक आणि वेगाची वळणं टाळा, साच्यातून टायर सुटावा म्हणून लावलेला थर तोवर निघून जातो. शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्या. दर ८ ते १० हजारांना चाकं पुढची मागे करा. नक्षीतल्या खुणा १.६ मिलिमीटरवर उघड्या पडतात, पण पावसाळ्याच्या तोंडावर ३ मिलिमीटरच उरले असतील तर बदलायचे टायर जूनच्या आधी बदला.