स्त्रियांच्या कॉयरसाठी व्हिक्टोरियन कविता: टेनिसन घ्यायचा, क्रिस्टिना रोझेटी की हॉपकिन्स?

दोन सोप्रानो (बायकांचा उंच आवाज) आणि एक आल्टो (बायकांचा खालचा आवाज) अशा तीन आवाजांच्या कॉयरसाठी, म्हणजे समूहगायनाच्या गटासाठी, इंग्रजी कवितेला चाल लावायची म्हटलं की बरेच जण व्हिक्टोरियन काळाकडे वळतात, आणि त्याचं एक अगदी व्यवहारी कारण म्हणजे कॉपीराइटची कटकट नाही. टेनिसन गेला १८९२ ला, क्रिस्टिना रोझेटी १८९४ ला, आणि हॉपकिन्सचा कवितासंग्रह जरी १९१८ ला छापला गेला तरी तो स्वतः १८८९ लाच गेलेला. तेव्हा परवानगीचा प्रश्न मिटला, आता निवडायचं कुणाला ते बघू.

माझं मत आधीच सांगते, पहिल्यांदाच करताय आणि कॉयर दहा-बारा जणींचा आहे तर डोळे मिटून रोझेटी घ्या. ती बाई होती म्हणून बायकांच्या कॉयरला शोभते असं लोक म्हणतात ते मला पटत नाही, खरं कारण तिच्या ओळींच्या लांबीत आहे. तिची 'एको' ही कविता बघा, सहा-सहा ओळींची तीनच कडवी, आणि प्रत्येक कडव्यात पहिल्या तीन ओळी लांब, मग दोन आखूड, मग शेवटची पुन्हा लांब. म्हणजे श्वास कुठे घ्यायचा, कुठे थांबायचं हे तिनेच ठरवून दिलंय, तुम्ही फक्त त्या जागा पाळायच्या. शिवाय सुरुवातच 'कम' या आघाताच्या शब्दाने, थेट समेवर. शेवटी तर 'स्पीक लो, लीन लो, ॲज लाँग अगो' अशी ओकारांची रांगच आहे, तिथे आल्टोला खाली पाठवा आणि सगळ्यांना हळू करा, काम झालं.

अडचणी दोन आहेत. एक म्हणजे 'ड्रीम' आणि 'स्ट्रीम', हे दोन्ही ईकार वरच्या सुरात टाकले की सोप्रानो चिरकतात, तर चाल तिथे खाली आणा. दुसरी म्हणजे 'स'. 'स्पीकिंग सायलेन्स' बारा जणींनी एकदम म्हटलं की नुसता सुस्कारा ऐकू येतो, म्हणून 'स' दोघी-तिघींनीच उच्चारायचा आणि बाकीच्यांनी स्वरावर राहायचं, कॉयरमधली ही जुनी युक्ती आहे आणि इथे ती हमखास लागते.

'व्हेन आय ॲम डेड, माय डिअरेस्ट' पण सुंदर आहे, आठ-आठ ओळींची दोन कडवी, एकच चाल दोन्हीला चालते. पण इथे एक गोष्ट आपल्या मराठी कानांसाठी मुद्दाम सांगायला हवी. आपल्याला वृत्त म्हणजे लघु-गुरू, मात्रा मोजायची सवय, आणि इंग्रजीत मोजायचा असतो आघात, त्यामुळे भावगीतात जसं आपण हवं ते अक्षर लांबवतो तसं इथे केलं की ओळ कानाला खुपते. 'डेड' समेवर आलं पाहिजे आणि आधीचे तीन शब्द समेच्या अलीकडे उचलून घ्यायचे. याच कवितेत पुढे 'रिमेंबर' येतं, तिथे जोर मधल्या 'मे' वर, 'रि' वर पडला की संपलं सगळं. 'गॉब्लिन मार्केट' मात्र पूर्ण घेऊ नका, साडेपाचशेच्या वर ओळी आहेत, फळांच्या यादीचा सुरुवातीचा तुकडा घेतला तर भरभर गाण्यासाठी मजा येते. आणि 'इन द ब्लीक मिडविंटर' ला हात लावू नका, इंग्रज संगीतकार होल्स्टची १९०६ ची चाल लोकांच्या डोक्यात इतकी पक्की आहे की तुमची ऐकली जाणार नाही.

आता टेनिसन. त्याची १८४७ ची 'द प्रिन्सेस' ही लांबलचक कथा-कविता बायकांच्या विद्यापीठाची आहे, राजकन्या आयडा ते चालवते, पुरुषांना आत बंदी, आणि राजपुत्र दोन मित्रांना घेऊन बायकी वेषात घुसतो. यातली गाणी बायकांच्या आवाजासाठीच आहेत म्हटलं तरी चालेल, कारण प्रस्तावनेत कथा सांगतात पुरुष आणि त्यांच्या मधेमधे गातात बायका. 'ओ स्वॅलो, स्वॅलो' तर वेष बदललेला राजपुत्र बायकांसारखा उंच आवाज काढून गातो! होल्स्टने १९०५ ला यातली पाच गाणी स्त्रियांच्या आवाजांसाठी साथीशिवाय केली, त्याच साली तो लंडनच्या सेंट पॉल्स गर्ल्स स्कूलमध्ये शिकवायला लागला होता. (पुढे यानेच ऋग्वेदातल्या ऋचांचं स्वतः इंग्रजी करून स्त्रियांचा कॉयर आणि हार्पसाठी एक संच केला, तोही जरूर ऐका.)

टेनिसनचा नाद अफाट आहे. 'कम डाउन, ओ मेड' च्या शेवटच्या दोन ओळी, 'द मोन ऑफ डव्ज इन इमेमोरियल एल्म्स, अँड मर्मरिंग ऑफ इन्यूमरेबल बीज', यात 'म' आणि 'न' इतके आहेत की आल्टोने तोंड मिटून नुसतं गुणगुणत राहायचं आणि त्यावर सोप्रानोंनी शब्द ठेवायचे, लिहिताना हात थांबत नाही. पण याला माणसं लागतात. 'द स्प्लेंडर फॉल्स' मध्ये बिगुलाचा प्रतिध्वनी हवा, 'डाइंग, डाइंग, डाइंग' दुसऱ्या गटाने लांबून म्हणायचं, म्हणजे सोळा-अठरा जणी हव्यातच आणि खाली मिडल सी (पियानोच्या मधोमधचा सूर) च्या खालचा जी हा सूर भरीवपणे लावणाऱ्या दोघी तरी हव्यात. शिवाय 'टिअर्स, आयडल टिअर्स' आणि 'नाऊ स्लीप्स द क्रिम्झन पेटल' यांना यमक नाही, वाचताना ते जाणवतही नाही, पण चाल बांधायला बसलं की ओळीचा शेवट पकडायला काही सापडत नाही, तिथे सुरांनीच यमक जुळवावं लागतं. नवशिक्याने 'स्वीट अँड लो' ने सुरुवात करावी.

हॉपकिन्स आवडतो म्हणून लगेच 'पाइड ब्यूटी' घेऊ नका. तो फक्त आघात मोजतो, मधे अक्षरं कितीही, त्यामुळे दर ओळीला ताल बदलतो, पाच, सात, परत सहा, आणि व्यंजनं अशी एकमेकांना चिकटलेली की तीन सुरांत मांडलं की शब्दच हरवतात. एकसुरात गायलात तर चालेल. त्याची 'हेवन-हेवन' (Heaven-Haven) मात्र अपवाद, आठच ओळी, मठात दीक्षा घेणाऱ्या नन् च्या तोंडची, शब्द साधे, आणि शेवटची समुद्राच्या हेलकाव्याची ओळ आपसूक झुलते.

एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंगची सुनीतं मी तरी सोडून देईन, वाक्यं ओळी ओलांडून जातात आणि ऐकणाऱ्याला धागा सापडत नाही.

साथीचं म्हणाल तर बास (पुरुषांचा सगळ्यात खालचा आवाज) नसतोच, त्यामुळे खालची बाजू पियानोच्या डाव्या हाताला द्या. संगीतकार एल्गरने १८९४ ला 'द स्नो' मध्ये (कविता त्याची बायको ॲलिसची) पियानोबरोबर दोन व्हायोलिन घेतली, 'एको' ला पण ती जोडी छान बसेल. आणि मराठी मुली गाणार असतील तर 'व्हेन' (when) आणि 'व्हेल' (veil) मधला 'व' आधी वेगळा करून घ्या, पहिल्यात ओठ गोल, दुसऱ्यात दात ओठावर, सूर शिकवायच्या आधी नुसतं वाचून घेतलंत तर पुढचा निम्मा वेळ वाचतो.