पहिला डॅश की शेवटचा? एक्सेलच्या ‘टेक्स्टबिफोर’ फंक्शनचा एका द्राक्ष हंगामातला अनुभव

नाशिक जिल्ह्यात जानेवारी ते एप्रिल हा द्राक्षतोडणीचा मुख्य काळ. दिंडोरी तालुक्यातल्या ज्या पॅकहाऊसचे हिशेब मी सांभाळतो, तिथे या काळात रोज संध्याकाळी वाणनिहाय वजनाचा तक्ता तयार करावा लागतो. शेडवरून येणाऱ्या शीटमध्ये वाण आणि प्लॉट क्रमांक एकाच सेलमध्ये, मध्ये डॅश देऊन लिहिलेले असतात: ‘थॉमसन-१८’, ‘सोनाका-७’, ‘क्रिमसन-३१’. यातला डॅशच्या आधीचा मजकूर, म्हणजे वाणाचे नाव, वेगळ्या कॉलममध्ये काढायचा एवढेच काम असते. परंतु ते चुकले की पुढचा सगळा तक्ता चुकतो. म्हणून या कामासाठी या हंगामात वापरलेल्या टेक्स्टबिफोर या फंक्शनविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे.

आतापर्यंत आम्ही लेफ्ट आणि फाइंड यांची जोडी वापरत होतो. फाइंडने डॅश कितव्या स्थानावर आहे ते शोधायचे, त्यातून एक वजा करायचा आणि तेवढी अक्षरे लेफ्टने उचलायची. ही पद्धत जुनी आणि भरवशाची आहे, पण सेलमध्ये डॅशच नसेल तर ती व्हॅल्यू एरर देते. तक्त्यात एरर दिसू नये म्हणून कोणीतरी त्यावर इफएरर लावून रिकामी जागा दाखवण्याची सोय केली होती, आणि गेल्या हंगामात तीच आम्हाला नडली. घाईत प्लॉट क्रमांक न लिहिता नुसते ‘शरद’ असे नोंदवलेले क्रेट कोणत्याच वाणाखाली मोजले गेले नाहीत. गेटवरचे वजन आणि तक्त्यातली बेरीज का जुळत नाही, हे शोधण्यात आमच्या दोन रात्री गेल्या.

टेक्स्टबिफोर हे फंक्शन २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या एक्सेलमध्ये आले आणि एक्सेल २०२४ मध्येही ते उपलब्ध आहे. साध्या वापरात त्याला दोनच गोष्टी सांगाव्या लागतात: मजकूर कोणत्या सेलमध्ये आहे आणि कोणत्या चिन्हाच्या आधीचा भाग हवा आहे. वजाबाकी नाही की अक्षरे मोजणे नाही. फॉर्म्युला वाचताच तो काय करतो ते कळते, आणि शेडवर दर हंगामात नवा मुलगा संगणकावर बसत असल्याने मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

मात्र त्याची खरी किंमत मला ‘तास-ए-गणेश’ने दाखवून दिली. या वाणाच्या नावातच दोन डॅश आहेत. ‘तास-ए-गणेश-४२’ या नोंदीवर साधा फॉर्म्युला लावला, तेव्हा उत्तर आले नुसते ‘तास’, आणि तक्त्यात जगात नसलेला एक वाण उभा राहिला. टेक्स्टबिफोरमध्ये तिसऱ्या जागी कितवा डॅश धरायचा ते सांगता येते. तिथे वजा एक लिहिले की मोजणी शेवटाकडून होते आणि ‘तास-ए-गणेश’ पूर्ण हाती येते. ‘सोनाका-७’ मध्ये पहिला आणि शेवटचा डॅश एकच असल्याने बाकीच्या नोंदींना धक्का लागत नाही. जुन्या पद्धतीने हेच साधायचे तर सबस्टिट्यूट (अक्षरे बदलणारे) आणि लेन (अक्षरे मोजणारे) ही फंक्शन्स एकमेकांत गुंफून शेवटचा डॅश बदलावा लागतो. तसा फॉर्म्युला मी लिहिला आहे, पण महिन्याभराने तो मलाच पुन्हा समजून घ्यावा लागला होता.

सहावी आणि शेवटची जागा चिन्ह न सापडल्यास काय दाखवायचे यासाठी आहे. ती मोकळी सोडली तर एन/ए एरर येते. मी तिथे ‘तपासा’ हा शब्द घातला आहे. चौथी जागा इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांतल्या फरकासाठी असल्याने आमच्या देवनागरी नोंदींना तिचा उपयोग नाही.

काही गोष्टींची काळजी वापरणाऱ्यालाच घ्यावी लागते. ‘सोनाका - ७’ असे डॅशच्या आधी जागा सोडून लिहिले असेल, तर उत्तरातही शेवटी ती रिकामी जागा राहते. डोळ्यांना ती दिसत नाही, पण वाणनिहाय बेरीज करणाऱ्या समइफ्स फंक्शनला तो वेगळा शब्द वाटतो आणि त्याचे वजन बेरजेत येत नाही. त्यामुळे संपूर्ण फॉर्म्युला, जादा रिकाम्या जागा काढणाऱ्या ट्रिम फंक्शनमध्ये ठेवावा. मोबाइलवरून पेस्ट केलेल्या नोंदींमध्ये कधी साध्या हायफनऐवजी लांब डॅश येतो आणि एक्सेल त्या दोघांना वेगळी चिन्हे मानते. महिरपी कंसात दोन्ही चिन्हे दिली की कोणतेही आले तरी काम होते. तसेच डॅशच्या आधी आकडा असला तरी उत्तर मजकूर म्हणूनच मिळते. बेरीज करायची असेल तर आधी व्हॅल्यू फंक्शनने त्याची संख्या करून घ्यावी.

मोठी मर्यादा जुन्या आवृत्त्यांची आहे. एक्सेल २०१९ किंवा २०२१ मध्ये हे फंक्शन नाही. आमची फाइल कॉलेज रोडवरच्या ज्या कार्यालयात हिशेब तपासणीसाठी जाते, तिथल्या संगणकावर आधी सगळे आकडे ठीक दिसले आणि एका सेलमध्ये दुरुस्ती करताच तिथे नेम एरर आली. आता फाइल पाठवण्यापूर्वी मी तो कॉलम कॉपी करून पेस्ट स्पेशलमधून फक्त व्हॅल्यूज ठेवतो.

माझा भाचा हेच काम पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत करतो. त्याने शेवटच्या डॅशपाशी मजकूर तोडणारे आरपार्टिशन वापरून पाहिले. डॅश नसेल तर त्यात पहिला भाग कोणतीही एरर न देता रिकामा येतो, म्हणजे आमच्या ‘शरद’चे तिथेही तेच झाले असते. शेवटाकडून मजकूर तोडणाऱ्या आरस्प्लिटला एकदाच तोडायला सांगून पहिला भाग घेतला, तर डॅश नसताना संपूर्ण शब्द परत मिळतो, म्हणून त्याने पुढे तीच पद्धत ठेवली.

ज्यांच्याकडे नवी आवृत्ती आहे आणि ज्यांच्या नोंदी माणसे हाताने लिहितात, त्यांनी टेक्स्टबिफोर जरूर वापरावे, पण शेवटची जागा मोकळी सोडू नये. आमच्या तक्त्यात अजूनही आठवड्यातून दोन-तीनदा ‘तपासा’ दिसते. मग शेडवर फोन करून प्लॉट क्रमांक विचारून घेतो, आणि त्या दिवशीचे वजन त्याच संध्याकाळी जुळते.