दियास की गामा: खरा दर्यावर्दी कोण?

शाळेत आपण वास्को द गामा पाठ करतो. त्याच्या आधीचा पोर्तुगीज दर्यावर्दी बार्तोलोमेउ दियास एका ओळीत संपतो. मला हा अन्याय वाटतो.

दियास १४८७ मध्ये लिस्बनहून निघाला, तेव्हा आफ्रिकेचं टोक नेमकं कुठे आहे, हे कुठल्याच युरोपीय नकाशात नव्हतं. वादळात किनारा दिसेनासा झाला. पूर्वेला जमीन लागेना, म्हणून त्याने गलबतं उत्तरेकडे वळवली, आणि किनारा समोर आला तो थेट टोकापलीकडचा! पुढे जायला खलाशी तयार होईनात, तो परतला.

गामाला १४९७ मध्ये ही वाट आयती मिळाली. त्याची जहाजंही दियासच्या देखरेखीखाली बांधलेली. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मालिंदीला जाणकार वाटाड्या भेटला आणि नैऋत्य वाऱ्यावर अरबी समुद्र सुमारे २३ दिवसांत पार झाला. मे १४९८ मध्ये तो कालिकतला पोहोचला. परतताना मात्र कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून ऑक्टोबरात, वारा नीट फिरण्याआधीच निघाला. तोच समुद्र ओलांडायला तीन महिने लागले. हिरड्या सुजून, स्कर्व्हीने (ताजी फळं-भाज्या न मिळाल्याने होणाऱ्या रोगाने) माणसं पटापट मेली. आपल्या किनाऱ्यावरच्या कोणत्याही तांडेलाने त्याला थांबायला सांगितलं असतं.

चिकाटी गामाची मोठी, हे मान्य. पण १५०२ च्या फेरीत त्याने यात्रेकरूंचं जहाज माणसांसकट जाळलं, ते विसरता येत नाही. दर्यावर्दी म्हणून माझं मत दियासला. १५०० मध्ये त्याच टोकाजवळच्या वादळात तो बुडाला.